आत्मसंतुष्ट माणसाचे वर्णन: नेमका शब्द निवडण्याची पद्धत

कथा, व्यक्तिचित्र किंवा अनुभवलेख नव्याने लिहू लागलेल्या व्यक्तीला स्वतःवर खूश असलेला माणूस रंगवायचा असतो, तेव्हा तिच्या लेखणीतून बहुधा तीनच विशेषणे उतरतात: गर्विष्ठ, अहंकारी आणि घमेंडखोर. हे तिन्ही शब्द चांगले आहेत. परंतु त्यांतील कोणताही शब्द त्या माणसाचे समाधान कशातून आले आहे, ते तो कसे व्यक्त करतो आणि समोरच्याला त्याचा कितपत त्रास होतो, हे सांगत नाही. मराठीत या बारीक छटांसाठी शब्दांचा आणि वाक्प्रचारांचा मोठा साठा आहे, आणि तो वापरात राहावा असे मला मनापासून वाटते. पुढील पायऱ्या क्रमाने वापरल्या, तर योग्य शब्दापर्यंत पोहोचणे अवघड जात नाही.

पहिली पायरी: शब्द शोधण्याआधी माणूस पाहा

विशेषण सुचण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. हा माणूस आपले समाधान बोलून दाखवतो की गप्प राहून ते उपभोगतो? त्याला समाधान कशाचे आहे: ज्ञानाचे, पैशाचे, अधिकाराचे, चांगल्या वागणुकीचे, की नुकत्याच मिळालेल्या एखाद्या यशाचे? आणि स्वतःला मोठे मानताना तो इतरांना लहान लेखतो का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण स्वतःवर खूश असलेला प्रत्येक माणूस इतरांना तुच्छ मानतोच असे नाही. ज्याला इतरांची फारशी दखलच नाही, त्याला ‘घमेंडखोर’ म्हटल्यास वर्णन चुकते आणि त्या माणसावर अन्यायही होतो.

दुसरी पायरी: गप्प समाधान आणि त्याच्या शेजारचे शब्द

जो माणूस काही बोलत नाही, पण आपले सर्व काही ठीक चालले आहे, आपल्याला आता शिकण्यासारखे किंवा सुधारण्यासारखे काही उरलेले नाही, अशा भावनेत स्थिर झालेला असतो, त्याच्यासाठी ‘आत्मसंतुष्ट’ हा नेमका शब्द आहे. ‘आत्मतुष्ट’ हे त्याचेच आटोपशीर रूप. दोन्ही शब्द लेखी भाषेतील आहेत आणि व्यक्तीइतकेच ते संस्थेला, पिढीला किंवा समाजालाही लागू पडतात: ‘सलग चार निवडणुका जिंकल्यानंतर मंडळाचे पदाधिकारी आत्मसंतुष्ट झाले आणि सभासदांच्या तक्रारींकडे त्यांचे लक्ष राहिले नाही.’ आपल्या लहानशा वर्तुळालाच जग समजणारा आत्मसंतुष्ट असेल, तर ‘कूपमंडूक वृत्ती’ हा शब्दप्रयोग अधिक अचूक ठरतो.

बोलीत मात्र आत्मसंतुष्ट हा शब्द कोणी वापरत नाही. घरातील माणूस म्हणतो, ‘तो स्वतःवर भलताच खूश आहे’ किंवा ‘ती आपल्याच तोऱ्यात असते’. संवाद लिहिताना हीच रूपे घ्यावीत. आजीच्या तोंडी ‘आत्मसंतुष्ट’ घातल्यास वाचकाला तिच्या जागी लेखकच बोलत असल्याचे जाणवते.

याच शब्दाच्या शेजारी काही फसवे शब्द उभे आहेत. ‘अल्पसंतुष्ट’ म्हणजे थोडक्यात समाधान मानणारा. तो स्वतःला मोठा समजत नाही, फार तर त्याच्यात महत्त्वाकांक्षा कमी आहे अशी टीका त्या शब्दातून होते. ‘आत्ममग्न’ माणूस स्वतःच्या विचारांत गढलेला असतो आणि त्या विचारांत तो दुःखीही असू शकतो. ‘स्वमग्न’ हा शब्द तर आत्मसंतुष्टतेसाठी वापरूच नये, कारण ‘स्वमग्नता’ ही संज्ञा मराठीत ऑटिझमसाठी रुळली आहे, आणि ज्या मुलांच्या व प्रौढांच्या वाट्याला ती अवस्था आली आहे, त्यांच्या नावाचा शब्द कोणाची निंदा करण्यासाठी वापरणे योग्य नाही. ‘अहंगंड’ हा मानसशास्त्रातून आलेला, ‘न्यूनगंडा’च्या विरुद्ध बाजूचा शब्द आहे, ज्याच्या वागण्यात कायमची श्रेष्ठत्वाची भावना दिसते त्याच्याविषयी तो वापरता येतो, पण एखाद्या दिवशी ऐटीत वागलेल्या माणसाला अहंगंड चिकटवणे हे अतिरेकी ठरते.

तिसरी पायरी: जो बोलून दाखवतो, त्याच्यासाठी क्रियापदे

स्वतःची स्तुती स्वतःच करणाऱ्या माणसासाठी विशेषणापेक्षा क्रियापद असलेला वाक्प्रचार नेहमी अधिक परिणामकारक ठरतो, आणि नवशिक्या लेखकाची चूकही येथेच सर्वाधिक होते, कारण कोणत्या नामासोबत कोणते क्रियापद चालते हे ठरलेले आहे. फुशारकी ‘मारतात’, बढाया ‘मारतात’, शेखी ‘मिरवतात’, प्रौढी ‘मिरवतात’, टेंभा ‘मिरवतात’, टिमकी ‘वाजवतात’ आणि पाठ ‘थोपटून घेतात’. ‘फुशारकी केली’ किंवा ‘टेंभा मारला’ असे लिहिले की वाक्य लगेच परके वाटू लागते.

या वाक्प्रचारांचे अर्थ जवळचे असले तरी एक नाहीत. बढाईत अतिशयोक्ती असते. बढाईखोर माणसाने पकडलेला मासा प्रत्येक वेळी सांगताना वाढत जातो. फुशारकीत न केलेल्या किंवा अजून करायच्या पराक्रमाचा आव असतो: ‘मी एका दिवसात काम उरकून दाखवतो, अशी फुशारकी त्याने मारली.’ प्रौढी किंवा आत्मप्रौढी खरीही असू शकते. माणसाने खरोखरच मोठे काम केलेले असते, पण ते तो स्वतःच्याच तोंडाने सांगत राहतो, एवढाच त्याचा दोष. संस्कृत वळणाच्या गद्यात याच अर्थी ‘आत्मश्लाघा’ येते. टेंभा म्हणजे मशाल. त्यामुळे टेंभा मिरवताना हातात धरून दाखवण्यासारखे काहीतरी असावे लागते, आणि हा वाक्प्रचार नेहमी षष्ठीसह येतो: विद्वत्तेचा टेंभा, खानदानाचा टेंभा, पुरोगामित्वाचा टेंभा. टिमकी हे लहान चर्मवाद्य आहे, म्हणून ‘स्वतःची टिमकी वाजवणे’ यात पुन्हा पुन्हा कानावर आदळणारी स्तुती सूचित होते. पाठ थोपटून घेणे हा यांतला सर्वांत सौम्य प्रयोग असून संस्थांना तो फार चांगला शोभतो: ‘अहवालात नगरपालिकेने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली आहे.’ बोलीतील ‘आपलीच लाल करणे’ हाही याच कुळातला, पण तो औपचारिक लेखात घेऊ नये.

चौथी पायरी: शहाणपणाचा गर्व

ज्ञानाविषयी स्वतःवर खूश असलेल्या माणसाला मराठी माणूस ‘शहाणा’ म्हणतो आणि तो शब्द उच्चारण्याच्या ढंगावरच सगळा अर्थ सोडतो. लिहिताना तो ढंग हाताशी नसतो, म्हणून त्याची विस्तारित रूपे वापरावी लागतात. ‘दीडशहाणा’ म्हणजे गरजेपेक्षा अर्धा जास्त शहाणा, जो न विचारता दुरुस्त्या सुचवतो. ‘अतिशहाणा’ हा त्याच्या पुढे गेलेला असून स्वतःच्या हुशारीने स्वतःचेच काम बिघडवतो; ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हण नेमके तेच सांगते. ‘उंटावरचा शहाणा’ वेगळा आहे. तो प्रत्यक्ष कामात नसतो आणि उंचावर बसून अव्यवहार्य सल्ले देतो. शेतीवर बोलणारा पण बांधावर कधी न गेलेला सल्लागार उंटावरचा शहाणा ठरतो; शेजाऱ्याच्या रोपांना पाणी किती घालावे हे रोज सांगणारे काका मात्र दीडशहाणेच म्हणायला हवेत.

लेखी भाषेत ‘अहंमन्य’ आणि ‘पंडितंमन्य’ हे दोन उत्तम शब्द आहेत. त्यांतील ‘मन्य’ म्हणजे मानणारा, म्हणून पंडितंमन्य म्हणजे स्वतःला पंडित मानणारा. तो खरोखर पंडित आहे की नाही, हे हा शब्द उघडच ठेवतो, पण संशयाची बाजू त्यात जड असते. याउलट ‘पढतमूर्ख’ खरोखर शिकलेला असतो आणि तरीही मूर्खासारखा वागतो. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास साध्या मूर्खाच्या लक्षणांना दिला आणि दहावा समास स्वतंत्रपणे पढतमूर्खाला दिला, यावरून ही दोन माणसे त्यांनी किती काळजीपूर्वक वेगळी ओळखली होती, ते कळते. व्यक्तिचित्र लिहिणाऱ्याने हे दोन्ही समास वाचावेत; माणूस आपल्या वागण्यातून कसा ओळखू येतो, याचे ते उत्तम धडे आहेत.

पाचवी पायरी: चांगुलपणाचा गर्व

हा प्रकार रंगवायला सर्वांत कठीण, कारण येथे माणूस स्वतःची स्तुती करत नाही, उलट नम्रच दिसतो. आपण सज्जन आहोत आणि समोरचा चुकला आहे, या खात्रीने उपदेश करणाऱ्यासाठी ‘शहाजोग’ हा शब्द आहे आणि त्याचे क्रियाविशेषण तर अधिकच उपयोगी पडते: ‘वाटणीतली मोक्याची जागा स्वतःकडे ठेवून घेतल्यावर थोरल्या भावाने धाकट्याला शहाजोगपणे सांगितले की, पैशापेक्षा नाती महत्त्वाची असतात.’ ‘साळसूद’ माणूस उपदेश करत नाही, तो फक्त आपला काहीच संबंध नसल्यासारखा निरागस चेहरा करतो. स्वतःच्या वागण्यात खोट असताना दुसऱ्याच्या शुद्धतेवर बोट ठेवणारा ‘नाकाने कांदे सोलतो’.

‘मानभावी’ हा शब्दही याच अर्थाने, वरवरच्या गोड वागण्यासाठी वापरला जातो. तो वापरण्यापूर्वी त्याचा उगम जाणून घ्यावा. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी ज्या महानुभाव पंथाची स्थापना केली, त्या पंथाच्या अनुयायांना लोकभाषेत ‘मानभाव’ म्हणत, आणि पुढे समाजात त्यांच्याविषयी जो आकस निर्माण झाला, त्यातून या शब्दाला ढोंगीपणाचा अर्थ चिकटला. ज्या पंथाने मराठी गद्याला आरंभीचे वैभव दिले, त्याच्या नावावरून आलेली ही शिवी आपण पुढे चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शहाजोग आणि साळसूद हे शब्द हाताशी असताना तिची गरजही पडत नाही.

सहावी पायरी: पैसा, पद आणि नवे यश

‘आढ्य’ म्हणजे धनवान, त्यावरून आलेली ‘आढ्यता’ म्हणजे श्रीमंतीतून किंवा मोठेपणातून आलेला ताठा. आज आढ्यताखोर माणूस श्रीमंतच असतो असे नाही, तरी त्याच्या बोलण्यात वरून खाली पाहण्याचा सूर असावाच लागतो. ‘मिजास’ हा मूळ स्वभाव या अर्थाचा अरबी शब्द फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि मराठीत त्याचा अर्थ तोऱ्याकडे झुकला. मिजासखोर माणसाची मर्जी सांभाळावी लागते, ही त्यातली खास छटा. ‘चढेल’ माणसाच्या आवाजातच ताठा असतो. ‘मग्रूर’ आणि ‘मुजोर’ यांत समोरच्याला न जुमानण्याचा भाग येतो, त्यामुळे ते केवळ आत्मसंतुष्टतेच्या पुढे गेलेले शब्द आहेत. ‘माज’ त्याहूनही पुढचा. गाय किंवा म्हैस माजावर येते, असे आपण म्हणतो. जनावराच्या त्या अवस्थेवरून माणसासाठी आलेला हा शब्द अपमानकारक आहे, आणि ‘माजोरडा’ हे त्याचे रूप भांडणातच शोभते.

नुकत्याच मिळालेल्या छोट्या यशाने फुगलेल्या माणसासाठी ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे’ इतका चपखल वाक्प्रचार दुसरा नाही. यश अगदीच अर्धवट असले पाहिजे, ही त्याची अट आहे. राज्यात पहिल्या आलेल्या मुलीला तो लावता येत नाही. ‘शेफारणे’ यात दुसऱ्याच्या लाडाचा वाटा असतो, म्हणून शेफारलेला मुलगा म्हटले की दोष थोडा पालकांकडेही जातो. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणे’ यात तर माणसाला फुगवणारे लोकच कर्ते असतात. अलीकडच्या बोलीत ‘डोक्यात हवा जाणे’ आणि ‘भाव खाणे’ हे प्रयोग याच कामासाठी रुळले आहेत; पहिला यशानंतरच्या बदलासाठी, दुसरा मुद्दाम दुर्मीळ झाल्यासारखे वागण्यासाठी. तरुण पात्रांच्या तोंडी ते सहज बसतात.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ‘आकाश ठेंगणे होणे’, ‘स्वर्ग दोन बोटे उरणे’ आणि ‘अंगावर मूठभर मांस चढणे’ हे तीन प्रयोग आनंदाच्या भराचे आहेत. मुलीला पदक मिळाल्यावर आईच्या अंगावर मूठभर मांस चढते, त्यात निंदा नाही. संदर्भाने त्यांना गर्वाची छटा देता येते, पण ती संदर्भातूनच यायला हवी.

सातवी पायरी: अभिमान आणि गर्व यांची सीमा

आजच्या मराठीत ‘अभिमान’ चांगला आणि ‘गर्व’ वाईट, अशी ढोबळ वाटणी आहे: भाषेचा अभिमान असतो, पैशाचा गर्व होतो, आणि घर खाली होते ते गर्वाचे. ‘आम्हाला गर्व आहे’ असे चांगल्या अर्थाने लिहिण्याची सवय हिंदीच्या सहवासातून वाढली आहे. ती टाळावी असा माझा आग्रह आहे, कारण ही वाटणी पुसली गेली तर आपल्याकडचा एक उपयोगी भेद हरवेल. जुन्या ग्रंथांत मात्र हा भेद शोधू नये. भगवद्गीतेच्या १६व्या अध्यायातील चौथ्या श्लोकात दंभ आणि दर्प यांच्या जोडीला अभिमानही आसुरी संपत्तीत मोजला आहे, आणि ‘निरभिमानी’ हा शब्द आजही स्तुतीचाच आहे. म्हणून संतसाहित्यावर लिहिताना ‘अभिमान’ शब्द आला, तर तो कोणत्या अर्थी आहे हे वाक्यातून स्पष्ट करावे.

‘ऐट’, ‘रुबाब’ आणि ‘दिमाख’ हे तीन शब्द दोन्ही बाजूंना झुकतात. नऊवारी नेसून ऐटीत चाललेल्या आजीचे कौतुक होत असते, तर ‘उगाच ऐट करू नकोस’ ही कानउघाडणी असते. ‘शिष्ट’ या शब्दाचा मूळ अर्थ सुसंस्कृत असून ‘शिष्टाचार’ या शब्दात तो अजून टिकला आहे, परंतु बोलीत शिष्ट म्हणजे न मिसळणारा, स्वतःला वेगळा समजणारा. हा शब्द कमी बोलणाऱ्या स्त्रियांना फार लवकर चिकटवला जातो. नव्या घरात आलेली सून किंवा कार्यालयात नव्याने रुजू झालेली सहकारी बुजल्यामुळे गप्प असते आणि तिला शिष्ट ठरवले जाते. पात्राविषयी कोण बोलत आहे, हे दाखवायचे असेल तर हा शब्द जरूर वापरावा, पण निवेदकाच्या तोंडी तो घालण्यापूर्वी ती खरोखर तशी आहे का, याची खात्री करून घ्यावी.

आठवी पायरी: बोलणारा कोण, हे ठरवा

एकाच माणसाला वेगवेगळे लोक वेगवेगळे शब्द लावतात. मोठ्या साहेबांविषयी लिपिक सहकाऱ्याला म्हणेल, ‘साहेब जरा तोऱ्यात असतात हो’. तोच लिपिक घरी बायकोजवळ ‘मिजास बघ त्यांची’ म्हणेल. वृत्तपत्रातील अग्रलेख त्याच अधिकाऱ्याला ‘आत्मसंतुष्ट’ म्हणेल, आणि ज्याचे काम अडले आहे तो रस्त्यावर येऊन ‘माज चढलाय’ म्हणेल. लहान मुलाला ‘आगाऊ’ म्हणतात, मोठ्या माणसाला तो शब्द लावला तर त्याचे वय कमी केल्यासारखे होते. वडीलधाऱ्यांविषयी थेट विशेषण वापरण्याऐवजी ‘काकांचा स्वभाव थोडा ताठ आहे’ असे आडवळणाने म्हणण्याची पद्धत आपल्या घरांत आहे, आणि संवादांत ती पाळली तर माणसे खरी वाटतात.

नववी पायरी: विशेषण काढून पाहा

शब्द मिळाल्यावर तो वाक्यातून काढून टाकावा आणि पात्राच्या बोलण्यातूनच तो गुण दिसतो का, हे तपासावे. मराठीत यासाठी लहान लहान साधने आहेत. ‘च’ हे अव्यय त्यांत पहिले: ‘मी सांगितले होते’ यात माहिती आहे, ‘मी आधीच सांगितलं होतं’ यात समाधान आहे. दुसरे साधन म्हणजे स्वतःसाठी वापरलेले ‘आपण’ आणि त्याच्या मागून येणारे ‘बुवा’: ‘आपण बुवा असल्या भानगडीत पडत नाही.’ या एका वाक्यात बोलणारा स्वतःला भानगडीत पडणाऱ्या सगळ्यांच्या वर नेऊन ठेवतो. तिसरे, एकट्यासाठी वापरलेले ‘आम्ही’: ‘आम्ही बाहेरचं खात नाही.’ चौथे, ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारे वाक्य. ही चार साधने नीट वापरली की विशेषणाची गरज पुष्कळदा उरत नाही.

एक उदाहरण पाहू. पहिला मसुदा असा असेल: ‘कुलकर्णी वहिनी फार गर्विष्ठ आणि अहंकारी होत्या.’ आता वरील प्रश्न विचारू. वहिनी बोलून दाखवतात का? हो, पण मोजके. कशाचे समाधान? आपल्या काटेकोर संसाराचे. इतरांना कमी लेखतात का? उघडपणे नाही. मग दुसरा मसुदा असा होतो: ‘शेजारच्या घरातून भांडणाचा आवाज आला की कुलकर्णी वहिनी हातातले काम थांबवत, क्षणभर ऐकत, आणि “आमच्याकडे बाई आवाज कधी चढतच नाही” असे म्हणून पुन्हा कामाला लागत.’ निवेदनात एखादा शब्द हवाच असेल, तर येथे ‘आत्मसंतुष्ट’ बसेल, ‘गर्विष्ठ’ बसणार नाही.

दहावी पायरी: रूप आणि लेखन तपासा

गर्विष्ठ, शिष्ट, मग्रूर, मुजोर, चढेल, साळसूद, आत्मसंतुष्ट ही विशेषणे लिंगवचनानुसार बदलत नाहीत. दीडशहाणा, शेफारलेला, माजोरडा ही बदलतात. गर्व, माज, तोरा, टेंभा, दिमाख, रुबाब हे पुल्लिंगी. घमेंड, मिजास, ऐट, शेखी, फुशारकी, प्रौढी, आढ्यता हे स्त्रीलिंगी. ‘त्याचा घमेंड’ असे लेखन हल्ली दिसते, ते चुकीचे आहे.

अर्थाविषयी शंका उरली, तर दोन कोश पाहावेत. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती जुन्या अर्थांसाठी उपयोगी आहे, आणि दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झालेला महाराष्ट्र शब्दकोश वाक्प्रचारांसाठी. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर दोन्ही कोशांत विनामूल्य शोध घेता येतो. वाक्प्रचार शोधताना क्रियापदाऐवजी त्यातील नाम टाकावे, म्हणजे ‘मिरवणे’ऐवजी ‘टेंभा’ आणि ‘होणे’ऐवजी ‘हळकुंड’. मोल्सवर्थच्या काळातील अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ आजच्याहून वेगळे असल्यामुळे शब्द पहिल्या प्रयत्नात सापडला नाही, तर दुसऱ्या रूपाने पुन्हा शोधावा.